चुना

अण्णा, म्हणजे माझे थोरले काका, २८ वर्षं पलटणीत काढून सुभेदार म्हणून घरी आले. दिवाळीत गावी गेलो की ओट्यावर त्यांच्या शेजारी बसून मी ऑफिसची गाऱ्हाणी सांगतो. ते तळहातावर तंबाखू मळत ऐकतात. ऐकतात म्हणजे काय, मी थांबायची वाट बघतात.

या वेळी गाऱ्हाणं क्लायंट व्हिजिटचं होतं. परदेशातून दोन माणसं येणार, तर आमच्याकडे दोन दिवस लगीनघाई. कुंड्या भाड्याने आल्या. चार महिने बंद असलेलं कॉफी मशीन तासाभरात सुरू झालं. टीम भरलेली दिसावी म्हणून दुसऱ्या प्रोजेक्टची पोरं रिकाम्या खुर्च्यांवर आणून बसवली आणि त्यांना सांगितलं, स्क्रीनवर काहीतरी काळं उघडून ठेवा. पाहुण्याने नेमकं त्यातल्याच एकाला विचारलं, तू काय करतोस? पोरगं हुशार. ‘मॉनिटरिंग,’ म्हणालं.

‘म्हणजे चुना लावला,’ अण्णा म्हणाले आणि डबीतला चुना नखाने काढून तंबाखूत घातला.

मग त्यांची गोष्ट सुरू झाली. ब्रिगेडियर साहेब सकाळी १० ला येणार होते. सीओ साहेब, म्हणजे पलटणीचे प्रमुख, म्हणाले, साडेनऊला सगळं तयार पाहिजे. ॲडज्युटंटने नऊ सांगितले. कंपनी कमांडरने साडेआठ, सुभेदार मेजरने साडेसात, कंपनी हवालदार मेजरने साडेसहा. आणि नायकाने, ज्याला खाली ढकलायला आणखी कुणी उरलंच नव्हतं, पहाटे पाचला सेक्शन फॉलिन केला, म्हणजे आपली तुकडी रांगेत उभी केली. साहेब आले साडेबाराला.

आमच्याकडे याला बफर म्हणतात. क्लायंटला शुक्रवारी हवं असलेलं काम माझ्यापर्यंत येतं तेव्हा सोमवार संध्याकाळचं झालेलं असतं. पलटणीत याला नाव नव्हतं, नुसते पाय दुखायचे.

आदल्या दिवशी फटीग, म्हणजे अंगमेहनतीची कामं, लागली होती. झाडांच्या खोडांना खाली गेरू, वर चुना. रस्त्याकडेच्या दगडांना चुना. फौजेत म्हणच आहे, हलेल त्याला सॅल्यूट, हलणार नाही त्याला चुना. रात्री पाऊस आला आणि सगळा चुना वाहून रस्त्यावर गेला. पहाटे पाचला उभ्या केलेल्या सेक्शनने कंदिलाच्या उजेडात तेच दगड पुन्हा रंगवले. दिवस ढगाळ, चुना वाळेना. साडेबाराला साहेब जीपमधून उतरले, बुटाची नाडी सुटलेली दिसली, म्हणून पाय जवळच्या दगडावर ठेवून बांधली. आरशासारख्या काळ्या बुटाच्या टाचेला पांढराशुभ्र पट्टा. सगळ्यांनी पाहिला. तो पट्टा घेऊन साहेबांनी अख्खं इन्स्पेक्शन केलं आणि दीडशे माणसं सावधानमध्ये दात आवळून उभी राहिली.

‘चुना आम्ही दगडाला लावला,’ अण्णा म्हणाले, ‘लागला साहेबाला.’ आणि बार भरला.

सावधानमध्ये दाबलेलं हसू संध्याकाळी लंगरच्या रांगेत फुटलं म्हणे. आमचं व्हॉट्सॲपवर फुटतं. टीमचे दोन ग्रुप आहेत. एकात साहेब आहेत, एकात नाहीत. जिवंत आहे तो दुसरा.

मी मोबाईलवर एक गंमत काढून त्यांना वाचून दाखवली. १९४४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या ओएसएसने, म्हणजे सीआयएच्या आधीच्या हेरखात्याने, एक पुस्तिका काढली होती. शत्रूच्या मुलखातल्या साध्या नोकरदारांनी गुपचूप घातपात कसा करावा याची. त्यात ऑफिसवाल्यांसाठी खास सूचना आहेत. प्रत्येक गोष्ट रीतसर मार्गानेच जाऊ द्या. विषय समितीकडे पाठवा, आणि समितीत पाचपेक्षा कमी माणसं नकोत. शब्दाशब्दाचा कीस पाडा. महत्त्वाचं काम अडलेलं असताना बैठक बोलवा. ज्याला काम येत नाही त्याला बढती द्या.

अण्णांनी उठून अंगणात पिंक टाकली. परत येऊन गंभीरपणे विचारलं, ‘आपल्यात शिरलेला हा शत्रूचा माणूस सापडला का रे कधी?’

एक मात्र त्यांनी आवर्जून सांगितलं. ब्रिगेडियर साहेबांनी पाचला कुणाला उठवा असं म्हटलं नव्हतं, की दगड रंगवा असंही. माणूस चांगला होता. जाताना लंगरमध्ये जवानांबरोबर चहा प्यायला आणि स्वतःचा बूट दाखवून म्हणाला, ‘चुना कच्चा है।’

दिवाळीनंतर मी टीम लीड झालो. मागच्या आठवड्यात मॅनेजरचा निरोप आला, क्लायंट ११ ला येतोय, साडेदहाला सगळे जागेवर हवेत. मी ग्रुपवर टाकलं, ‘उद्या सगळ्यांनी नऊला या.’ सगळ्यांचे अंगठे आले. दुसऱ्या ग्रुपवर मात्र शुकशुकाट. अर्धा तास वाट पाहिली, एक विनोद नाही.

सकाळी चहाच्या वेळी नव्या पोराने चुकून मोबाईल टेबलावर उताणा ठेवला, तेव्हा कळलं. तिसरा ग्रुप निघाला होता.