गळकं फ्लॅप गेट आणि तलावातलं तिवर

वाशी-बेलापूरकडचे होल्डिंग पॉन्ड, म्हणजे धारण तलाव, सिडकोने नवी मुंबई वसवताना खाडीलगत बांधले. वस्ती उधाणाच्या भरतीपेक्षा खालच्या पातळीवर, म्हणून ही सोय. तलावाच्या तोंडाशी फ्लॅप गेट असतं: वरच्या बिजागरीवर लटकणारी जड झडप. भरती चढली की खाडीच्या दाबाने ती मिटते आणि पावसाचं पाणी तलावात साठतं. ओहोटी लागली की तेच पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. ना मोटर, ना माणूस.

बिघडतं तेही इथेच. बिजागरी गंजते, रबराची पट्टी फाटते, थर्माकोलचा तुकडा अडकतो, आणि बोटभर फट राहते. रोज दोन भरत्या. प्रत्येक भरतीला त्या फटीतून खारं पाणी, गाळ आणि तिवराच्या, म्हणजे खारफुटीच्या बिया आत येतात. बी रुजतं, श्वासमुळं वर येतात आणि आणखी गाळ धरून ठेवतात. काही वर्षांत तलावात खाजण तयार!

मग गाळ काढायचा तर तिवर तोडावं लागतं, आणि त्याला मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालाने बंदी आहे. सार्वजनिक हिताचं काम असेल तरी न्यायालयाची परवानगी लागते. बंदी योग्यच आहे. बांधाबाहेरचं तिवर लाटा अंगावर घेतं. आतलं मात्र पाण्याची जागा खातं.

हिशोब करून बघा. १ चौरस किलोमीटरवर भरतीच्या वेळेत १०० मिमी पाऊस पडला आणि ७० टक्के वाहून आला, तर ७०,००० घनमीटर पाणी. १० हेक्टरच्या तलावात १ मीटर जागा असेल तर १ लाख घनमीटर मावतं. अर्धा मीटर गाळ साचला की ५० हजारच. उरलेलं २०,००० घनमीटर १० हेक्टर सखल वस्तीत पसरलं तर २० सेंटीमीटर, म्हणजे तळमजल्याच्या उंबऱ्याशी. पंपाने ४ तासांत उपसायचं म्हटलं तर ताशी ५,००० घनमीटरचा पंप हवा.

वेल्लोरच्या चर्मोद्योगांच्या प्रदूषणाच्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने खबरदारीचं तत्त्व मान्य केलं: अपाय होणार नाही हे काम करणाऱ्याने दाखवायचं. गाळ काढणाऱ्याला हा प्रश्न विचारला जातो. गाळ तसाच ठेवणाऱ्याला कोण विचारतं? न करण्यालाही धोका आहे, आणि तो वर मांडला तसा मोजता येतो. परवानगीच्या अर्जात झाडांच्या संख्येशेजारी हे घनमीटर लिहिलेले हवेत.

क्रमही महत्त्वाचा. आधी झडप, कारण तिच्या दुरुस्तीला झाड तोडावं लागत नाही. एप्रिलच्या ओहोटीत आतून टॉर्च मारायचा आणि बाहेरून कडेने उजेड दिसतो का बघायचं. दिसला तर पट्टी बदलायची. पुढे कचरा अडवणारी जाळी बसवायची, पण पावसात ती रोज साफ करावी लागते, नाहीतर जाळीच तुंबते. त्यानंतर मोकळ्या भागातला गाळ. तिवराला हात सगळ्यात शेवटी, तोही पाण्याची वाट अडते तेवढ्या पट्ट्यात. काढलेला गाळ खारट असतो. तो कुठे टाकायचा हे निविदेतच ठरवा, नाहीतर तो काठावर पडून राहतो आणि पहिल्याच पावसात परत आत जातो.