आजींची उरलेली तीन मतं

२१ फेब्रुवारी २०१७, पुणे महापालिकेची निवडणूक. मी केंद्राध्यक्ष. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घ्यायचं, पहाटे एजंटांसमोर मॉक पोल, हे नेहमीचंच. त्या वर्षी नवा होता तो चार सदस्यांचा प्रभाग: एका प्रभागातून चार नगरसेवक, म्हणून प्रत्येक मतदाराला चार मतं. मशीनवर लावलेली अ जागेची मतपत्रिका पांढरी, बची फिकी गुलाबी, कची पिवळी, डची निळी. चारही मतं पडल्याशिवाय लांब बझर वाजत नाही, आणि तो वाजेपर्यंत मशीन पुढच्या मतदाराला घेत नाही. एक जण अडला की अख्खी रांग अडली.

रांग जिन्यात पोचली असताना एक आजी कक्षातून निघाल्या त्या थेट दाराकडे. बझर नाही. मी आडवा गेलो.

"आजी, तीन मतं राहिलीत."

"ज्याला द्यायचं त्याला दिलं की."

"बाकीच्या जागांनाही द्यावं लागतं."

"त्यातलं कुणी मला माहीत नाही. कसं देऊ?"

मग शेवटचं बटण दाबा, म्हटलं, वरीलपैकी कोणीही नाही. त्यावर त्या वैतागल्या. "कोणी नको असं कुठं म्हणतेय मी? माहीत नाहीत, एवढंच."

प्रशिक्षणात कुठलं पाकीट कुठल्या पाकिटात घालायचं हे दोनदा सांगितलं होतं. यावर अवाक्षर नव्हतं. तेवढ्यात एक एजंट बाकावरून ओरडला, "आजी, पहिलं चिन्ह दाबलं तेच चारी ठिकाणी दाबा!" केंद्रात प्रचार चालत नाही, बाहेर काढीन, असा दम मी त्याला भरला. पण त्या पोराने प्रभाग पद्धतीचं सगळं मर्म एका वाक्यात सांगितलं होतं.

एकूण मतांत पहिले चार निवडून येतात, असं शिकल्यासवरल्या लोकांनाही वाटतं. तसं नाही. चार जागा म्हणजे चार वेगळ्या लढती, प्रत्येकीचं आरक्षण वेगळं, आणि प्रत्येकीत ज्याची मतं जास्त तो निवडून आला. पक्ष पॅनल उभं करतो. एक ओळखीचा चेहरा, बाकी तिघं त्याच चिन्हावर पार होतात. अपक्षाने साठ हजारांच्या आसपास मतदारांपर्यंत कसं पोचायचं? आजींचा माणूस अपक्ष असेल, तर त्याचं चिन्ह इतर तीन पत्रिकांवर सापडणारही नव्हतं.

त्याच दिवशी मुंबईत मात्र २२७ एकसदस्यीय वॉर्ड होते. तिथे शिवसेना ८४, भाजप ८२, अशी अटीतटीची झाली. पुण्यात २००२ ला तीनचा प्रभाग, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोनचा, २०१७ ला चारचा. मतदाराला विचारून यातला एकही बदल झाला नाही. मुंबईत मंत्रालयात बसलेल्यांना जे सोयीचं ते पुण्याने पाळायचं.

आजी शेवटी परत आत गेल्या. मी मतदान कक्षाच्या पुठ्ठ्याच्या अलीकडेच उभा; आत डोकावता येत नाही. लगेच बझर वाजला. इतक्यात तीन पत्रिका वाचून होत नाहीत.

"झालं का तुमचं?" म्हणाल्या आणि गेल्या.

शेजारच्या मतदान अधिकारी बाई म्हणाल्या, "सर, कागदावर असतं तर त्यांनी तीन पत्रिका कोऱ्याच टाकल्या असत्या." त्या कोऱ्या पत्रिका बाद धरून वेगळ्या मोजल्या गेल्या असत्या. मशीनमधली आजींची तीन मतं मात्र वैध ठरली.