कोडमधली जोडचिन्हं आणि टर्मिनलची घरं

फिरा कोड किंवा जेटब्रेन्स मोनो हे कोड लिहिण्याचे फॉन्ट लावून -> टाइप केलं की सलग बाण दिसतो, != चं ≠ होतं. अशा जोडचिन्हांना लिगेचर्स म्हणतात. बदलतं ते फक्त दिसणं. फाइलमध्ये तीच दोन चिन्हं असतात, कॉपी केल्यावरही तीच येतात.

फिरा कोडमध्ये हे काम 'कॅल्ट' नावाचं ओपनटाइप फीचर, म्हणजे फॉन्टमध्येच असलेला आकार बदलण्याचा नियम, करतं. पहिल्या चिन्हाच्या जागी रिकामं घर (एका चिन्हाएवढी जागा) बसतं आणि दुसऱ्याच्या जागी डावीकडे पसरलेला अख्खा बाण. रुंदी दोन घरांचीच राहते, त्यामुळे वरखालच्या ओळींचे रकाने हलत नाहीत.

व्हीएस कोड या एडिटरमध्ये दोन सेटिंग्ज लागतात: फॉन्ट फॅमिलीत फॉन्टचं नेमकं नाव आणि फॉन्ट लिगेचर्स 'ट्रू'. एवढं करूनही एखादाच बाण तुटलेला दिसला तर थीमचे रंग बघा. दोन चिन्हांना वेगवेगळे रंग असतील तर ती सुटी रेखाटली जातात आणि जुळत नाहीत.

टर्मिनलचं, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीचं, गणित वेगळं. अलॅक्रिटी या टर्मिनलमध्ये लिगेचर्स नाहीतच, सेटिंग शोधण्यात वेळ घालवू नका. विंडोज टर्मिनलचा मूळ फॉन्ट कॅस्कॅडिया मोनो. त्यात लिगेचर्स मुद्दाम वगळली आहेत, कॅस्कॅडिया कोड निवडा. किटी या टर्मिनलमध्ये 'डिसेबल लिगेचर्स'ला 'कर्सर' ही किंमत द्या: कर्सर बाणावर आला की चिन्हं सुटी होतात, नेमकं काय खोडतोय ते कळतं. ही सोय मला सगळ्यात मोलाची वाटते. शिकवताना मात्र लिगेचर्स बंदच ठेवावीत, नाहीतर विद्यार्थी कीबोर्डवर ≠ शोधत बसतात.

आता मराठी. 'क्ष' म्हणजे क, हलन्त आणि ष असे तीन कोडपॉइंट (युनिकोडमधले चिन्हांचे क्रमांक). ते जोडणाऱ्या ओपनटाइप फीचरचं नावच 'अखंड' आहे! म्हणून 'कॅल्ट' बंद केल्याने जोडाक्षरं तुटत नाहीत. टर्मिनल मात्र सहसा क ला एक घर, हलन्ताला शून्य आणि ष ला एक अशी दोन घरं मोजतं, आणि आकार बहुधा दोन घरं भरत नाही. मधे पोकळी राहते, नाहीतर कर्सर अक्षरापासून सरकलेला दिसतो. त्यात फिरा कोडमध्ये देवनागरी नाहीच. अक्षरं दुसऱ्याच फॉन्टमधून येतात आणि त्यांची रुंदी घराशी जुळत नाही. मराठी मजकुराचे रकाने तपासायचे असतील तर टर्मिनलवर भरवसा ठेवू नका, मजकूर स्प्रेडशीटमध्ये उघडा.