धापेवाड्याची वारी आणि माझा डावा खुबा

आषाढीला पंढरपूर नाही जमलं तरी आम्हा नागपूरकडच्या लोकांचं अडत नाही, आमचा विठोबा जवळच आहे, कळमेश्वर तालुक्यात धापेवाड्याला, तिथल्या नदीचं नावही चंद्रभागाच. फक्त यात्रा एकादशीला नसते, गुरुपौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी असते, आषाढ वद्य प्रतिपदेला. सांगतात असं की धापेवाड्याचे संत कोलबा स्वामी पंढरीची वारी करायचे, पुढे म्हातारपण आलं, पाय चालेनात, तेव्हा देवानं दृष्टांत दिला की तू येऊ नको आता, मीच येतो, विहिरीत मला शोध. विहिरीतून मूर्ती निघाली आणि तेव्हापासून पंढरपूरची आषाढी आटोपून देव प्रतिपदेला धापेवाड्याला येतो अशी सगळ्यांची श्रद्धा. आमच्या मानेवाड्याच्या भजनी मंडळाची दिंडी दरवर्षी पायी जाते, चाळीसेक किलोमीटर, वाटेत एक मुक्काम. सासूबाई जायच्या, त्यांच्यानंतर मी जायला लागले.

यावर्षी घरात सगळे नाहीच म्हणत होते. मी ५२ वर्षांची, शाळेत शिकवते, आणि माझ्या डाव्या खुब्याची गादी जवळजवळ संपलीये. पडले नाही, अपघात नाही, लोक विचारतात "कशानं झालं" तर सांगायला काही मोठं कारणच नाही. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून सांगितलं की खुब्याची वाटी जन्मापासूनच जरा उथळ आहे, त्यामुळे सगळा भार थोड्याशा जागेवर येत राहिला आणि तिथली गादी लवकर झिजली. तरुण वयात खुबा जाण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे म्हणे. सुरवातीला मला गुडघाच दुखतोय असं वाटायचं, गुडघ्याला तेल चोळून चोळून थकले, गुडघ्याचा फोटो एकदम क्लीन आला. खुब्याचं दुखणं असंच असतं, जांघेत दुखतं नाहीतर खाली गुडघ्यात उतरतं, आपण जिथे हात ठेवून "खुबा दुखतो" म्हणतो त्या बाहेरच्या हाडावर कमीच.

आता खरा घोळ खुबा बदलायचं ऑपरेशन कधी करायचं याचा होता. करायचं की नाही हा प्रश्न कधीच संपला होता. धंतोलीतले एक डॉक्टर म्हणाले तुम्ही अजून यंग आहात, साठीपर्यंत ओढा, सांधा जेवढा उशिरा बदलाल तेवढं चांगलं. दुसरे म्हणाले ओढायचं कशासाठी? दोघंही चुकीचं बोलत नव्हते हेच तर अवघड होतं. पेपरात टाकायला सोपा आकडा कोणीच देत नाही, पण मुलीनं शोधून वाचून दाखवलं ते असं, की २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात बदललेल्या खुब्यांपैकी साधारण ५८ टक्के खुबे २५ वर्षं टिकलेले दिसले. आणि त्याच नियतकालिकात २०१७ ला आलेल्या दुसऱ्या अभ्यासात असं होतं की सत्तरीनंतर सांधा बदलला तर तो पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास, पण पन्नाशीच्या सुरवातीला बदलला तर पुरुषांमध्ये ती ३५ टक्क्यांपर्यंत जाते, बायकांमध्ये त्याहून कमी. दुसऱ्यांदा करायचं ऑपरेशन पहिल्यापेक्षा कठीण असतं, जुना सांधा काढताना हाड जातं. म्हणजे थांबायला कारण होतं, खोटं नव्हतं.

तर मी दुसऱ्या डॉक्टरांनाच विचारलं, वारीला जाऊ का. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले जा, चालल्यानं गादी आणखी फाटेल अशी भीती नको, जितकं झेपेल तितकं चाला, काठी घ्या, आणि मागे गाडी असू द्या. आणि म्हणाले, परत आल्यावर मला किलोमीटर सांगू नका, काय काय करता आलं नाही ते सांगा.

पौर्णिमेच्या पहाटे काटोल नाक्यावरून निघालो. पताका पुढे, विणेकरी काका, मग टाळकरी, मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, आणि सगळ्यात मागे सामानाचा टेम्पो. दोन दिवसांपूर्वी झोडपून पाऊस झालेला, गोरेवाड्याकडून वारा येत होता आणि नागपूरच्या उन्हाळ्यानंतर तो वारा कसा लागतो ते इथल्याच माणसाला कळेल. पहिला तासभर मला काहीच झालं नाही, मी टाळ वाजवत होते, वाटलं उगाच घाबरलो सगळे.

काठीचं सांगते, कारण वाटेत दर दहा मिनिटांनी कोणीतरी मला थांबवून सांगायचं, ताई काठी चुकीच्या हातात धरली, दुखते डावीकडे आन काठी उजव्या हातात काहून? काठी उजव्याच हातात धरायची असते. आपण डाव्या पायावर उभे राहतो तेव्हा कंबर उजवीकडे कलंडू नये म्हणून डाव्या खुब्याच्या बाहेरचा स्नायू जोरात ओढून धरतो, आणि त्या ओढण्यामुळेच सांध्यावर आपल्या वजनाच्या अडीच तीन पट भार पडतो. उलट्या हातातली काठी ते काम वाटून घेते, स्नायूला कमी ओढावं लागतं, सांध्यावरचा भार हलका होतो. फिजिओनं मला हे आरशासमोर उभं करून शिकवलं होतं. दिंडीतल्या एका आजोबांनी दोन्ही हातांनी करून पाहिलं, चार पावलं अशी, चार पावलं तशी, आणि म्हणाले "खरंच बाप्पा", आणि मग पुढे तेच सगळ्यांना सांगत सुटले. मला फार बरं वाटलं.

फेटरीपर्यंत चालले. पुढे एका घरासमोर मांडव टाकून तर्री पोहे आणि चहा देत होते, तिथे सगळे रस्त्याच्या कडेला टेकले आणि मी उभीच, कारण खाली बसले तर उठवायला दोन माणसं लागतात. तिथून निघाले तेव्हा पहिली दहा पावलं टाकता येईनात. बसून उठल्यावर सांधा आखडतो ते वेगळं, हे तर उभं राहूनच, जांघेत कोणी स्क्रू पिळतंय तसं. जाऊबाईनं न बोलता माझी पिशवी घेतली आणि टेम्पोला हात केला.

टेम्पोत एक पोरगा होता, तिशीचाही नसेल, पारशिवनीकडचा. मला वाटलं चपला तुटल्या असतील. त्याचे दोन्ही खुबे गेलेले, सिकलसेलमुळे. आपल्या विदर्भात सिकलसेल किती आहे हे सगळ्यांना माहीत आहे पण तो खुब्यापर्यंत जातो हे मला माहीत नव्हतं, वाकड्या झालेल्या रक्तपेशी बारीक नळ्या अडवतात, खुब्याच्या गोळ्याला रक्त पोचत नाही आणि हाड आतून मरून खचतं. त्याच्या वयाला थांब म्हणणारे सगळे, आणि त्याचा गोळा बसत चाललेला. तो मला म्हणाला, "मॅडम, तुमचं वय तरी सांगण्यासारखं हाये." मी त्याला काय बोलणार. पोह्याची पुडी बांधून घेतली होती ती अर्धी अर्धी खाल्ली.

मुक्काम कळमेश्वरला एका शाळेत. संध्याकाळी हरिपाठ झाला, मग पंगत, पिठलं भाकरी भात, ओळीनं सगळे मांडी घालून बसलेले आणि मी कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर ताट मांडीवर घेऊन. तिथं मला डॉक्टरांचं वाक्य आठवलं आणि मी मनात मोजायला लागले. मांडी घालून बसणं बंद. फुटाळा तलावावरचं फिरणं बंद. शाळेत वरच्या मजल्याचे वर्ग दुसऱ्यांना दिले. लग्नाला जायचं तर आधी विचारायचं की हॉल कितव्या माळ्यावर. डाव्या पायाचं नख हे कापून देतात. मोजा घालता येत नाही म्हणून हिवाळ्यातही सँडल. डाव्या कुशीवर झोपून किती काळ झाला आठवतही नाही. दुखणं तेवढंच आहे असं मी सगळ्यांना सांगत होते, आणि तेवढंच राहावं म्हणून दर महिन्याला काहीतरी सोडत होते. वर पेनकिलर होतीच, रोज एक, कधी दोन, आणि त्या गोळ्यांनी बीपी वाढतं, किडनीवर येतं, माझं बीपी वाढलेलं होतंच.

त्या रात्री दुखण्यानं तीनदा जाग आली. शेजारी काटोलच्या एक काकू होत्या, त्याही उठून बसल्या, पाय चेपू का म्हणाल्या. यांनाच मी सकाळी पावली खेळताना पाहिलं होतं. बोलता बोलता कळलं की यांचा उजवा खुबा बदललेला आहे, आठ वर्षं झाली. "मी लय थांबली व माय," म्हणाल्या, "पाय बोटभर आखूड झाला होता, मांडी इतकी वाळली होती, लुगड्यातून दिसाची. सांधा तर दुसऱ्याच दिवशी चालला, वॉकर धरून उभी केली मला, पण मांडीत जीव याले वर्षभर लागलं." हेच मला फिजिओ सांगत होती पण काकूंच्या तोंडून वेगळं लागलं. खूप बिघडेपर्यंत थांबलं तर ऑपरेशननंतरही माणूस तेवढा वर येत नाही, कारण स्नायू, कंबर, दुसरा पाय, सगळं तोवर वाकडं चालायला शिकलेलं असतं. थांबण्याची ही किंमत टक्केवारीत कुठे दिसत नाही. सांधा २५ वर्षं टिकेल का याचा मी हिशोब करत होते, आणि ५२ ते ६० ही माझी वर्षं कशी जाणार याचा हिशोब कोणी मांडलाच नव्हता. ती चांगली वर्षं आहेत हो, नोकरी आहे, मुलीचं लग्न आहे, अंगात ताकद आहे.

दुसऱ्या दिवशी मी थोडंच चालले. काळ्या मातीचा चिखल चपलेला धरला की पाय दुप्पट जड होतो, सांध्याला ते झेपत नाही. पऱ्हाटी नुकती हातभर झालेली, संत्र्याच्या बागा धुतल्यासारख्या, टाळ वाजत होता, आणि टेम्पोत बसून मी कोलबा स्वामींच्या गोष्टीचा विचार करत होते. इतक्या वेळा ऐकली पण कधी हे डोक्यात आलं नव्हतं, की देवानं त्यांना अजून थोडं सोस असं म्हटलेलं नाही. पाय थकले म्हणून भक्ती कमी धरली नाही. आमच्याकडे सोसण्याला फार मान आहे, विशेषतः बायकांच्या सोसण्याला, सासूबाई गुडघे घासत वारी करायच्या त्याचं आजही कौतुक होतं, आणि मला त्यांच्याबद्दल आदरच आहे, पण त्यांना इलाज मिळाला असता तर त्यांनी घेतला असता असं मला मनापासून वाटतं.

धापेवाड्याला पोचलो तेव्हा लाईन मंदिराच्या बाहेरपर्यंत. चंद्रभागेवर पाय धुवायला मला वाकता येईना, जाऊबाई खाली बसली, माझा डावा पाय हातात घेऊन बोटांच्या मधला चिखल एकेक करून काढला, मी तिच्या खांद्याला धरून उभी. तिचेही डोळे भरले आणि माझेही. गाभाऱ्यात डोकं टेकवता आलं नाही, हात लावून नमस्कार केला. मागणं काही मागितलं नाही, ठरलं होतं.

परत आल्यावर डॉक्टरांना ती यादी वाचून दाखवली, त्यांनी पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाले मग आता एक्स-रेला काय विचारायचं. दिवाळीच्या सुट्ट्या धरून नोव्हेंबरमध्ये करायचं ठरलंय, थंडीत जखमेला घाम नाही आणि शाळेच्या परीक्षांच्या आत मी उभी होईन. सिमेंट न लावता बसवायचा सांधा, वर सिरॅमिकचा गोळा, आत प्लास्टिकची वाटी, सध्याचं प्लास्टिक पूर्वीपेक्षा खूप कमी झिजतं म्हणाले. इन्फेक्शन, पायात गुठळी, सांधा निसटणं, हे धोके त्यांनी लपवले नाहीत, इन्फेक्शन शंभरात एखाद्याला होतं पण झालं तर फार त्रासाचं असतं. म्हणून आधी शुगर तपासायची, दातात कीड असेल तर काढून घ्यायची. मध्यंतरी सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊन दिवस काढू का असं विचारलं तर म्हणाले घ्यायचं तर आत्ताच, ऑपरेशनच्या आधीच्या तीन महिन्यांत नको, इन्फेक्शनचा धोका वाढतो. नाहीच घेतलं.

फिजिओनं आत्तापासून व्यायाम लावलेत, कुशीवर झोपून पाय उचलणं, वीटभर उंचीची पायरी चढणं उतरणं. काटोलच्या काकूंचा फोन आला होता, म्हणाल्या पलंग उंच करून घे, खालच्या सोफ्यावर बसू नको, न्हाणीत धरायला दांडी लाव. सुताराला सांगितलंय, गणपतीच्या आधी येतो म्हणाला.