बाकाचे पोपडे निघाले, पण चोर सापडला

बाहेरच्या सागवानी बाकाला स्पार वार्निश (उन्हापावसातल्या लाकडासाठीचं पारदर्शक, लवचिक वार्निश) मारलं होतं, त्याने दगा दिला. मागच्या अपडेटमध्ये दाखवलेली चमक बसायच्या पट्ट्यांवर अजून जशीच्या तशी आहे, पण बाकाच्या हातांवर आणि पायांच्या खालच्या चार बोटांत सगळे पोपडे. नखाने उचललं की अख्खा पापुद्रा हातात येतो, आणि डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे तो अजून छान लवचिक आहे. म्हणजे वार्निश मेलेलंच नाही, लाकूड सोडून निघालंय.

मग पापुद्रे उलटे करून उजेडात धरले. हातावरच्या पापुद्र्याला खालून लाकडाचे करडे तंतू चिकटलेले. हे उन्हाचं काम, पारदर्शक थरातून यूव्ही (अतिनील किरण) आत जातं आणि तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन तोडतं, मग वरचं वार्निश धरणार तरी कशाला? (पट्ट्यांवर बराच वेळ बाकाच्या पाठीची सावली असते, म्हणून त्या वाचल्या.) पायाचा पापुद्रा मात्र खालून एकदम स्वच्छ आणि तिथलं लाकूड काळं, दमट. तिथे ऊन नाही, पाणी. पायाचं कापलेलं टोक, म्हणजे एंड ग्रेन, स्ट्रॉसारखं पाणी ओढतं, ते वर चढतं आणि थराला आतून ढकलतं. एकाच बाकावर दोन वेगळे रोग, आणि मी सगळीकडे एकच औषध शोधत बसलो होतो, अजून दोन कोट मारू वगैरे.

आता मजा. त्याच सागवानाचे दोन तुकडे घेतले, एकाच्या टोकाला पातळ इपॉक्सी (मुरून घट्ट होणारं रेझिन), पीत होतं तोवर पाजत राहिलो, दुसरा कोरा. दोन्ही शाईच्या पाण्यात उभे केले आणि नंतर मधोमध चिरले. कोऱ्यात शाई मस्त वर चढलेली, इपॉक्सीवाला आतून कोरडा ठणठणीत!! तो चिरलेला तुकडा अजून टेबलावर ठेवलाय, येताजाता बघतो :)

तर पाय खरवडून, पूर्ण वाळवून, टोकांना इपॉक्सी. इपॉक्सीला ऊन चालत नाही, पण टोकं जमिनीकडेच असतात. खरवडायला कार्बाइडच्या पात्याचा स्क्रेपरच. सागवानाचं अंगचं तेल वार्निश वाळू देत नाही, त्यामुळे कोट मारायच्या जरा आधी अॅसिटोनने पुसणं आहेच.

हातांना परत वार्निश मारणार होतो, पण हे टाइप करतानाच वाटतंय की नको, तिथे रंगद्रव्यवालं तेल लावावं. त्यातलं आयर्न ऑक्साइडचं रंगद्रव्य ऊन खरोखर अडवतं आणि तेलाचे पोपडे निघत नाहीत, फिकं पडलं की धुवायचं आणि वरून परत लावायचं. ‘टीक ऑइल’ लिहिलेल्या डब्यांवर माझा विश्वास नाही, त्यात सागाचं तेल नसतंच, बहुतेक वेळा जवस किंवा टंग तेल (टंग झाडाच्या बियांचं), थोडं वार्निश आणि भरपूर सॉल्व्हंट. सँडपेपर 120 नंबरवरच थांबवणार, फार गुळगुळीत केलं की तेल नीट मुरत नाही. आणि तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नका रे, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि ढीग आपोआप पेटू शकतो, पसरून वाळवा.

फक्त हात गडद आणि पट्ट्या सोनेरी दिसणार, ते डोळ्याला खुपेल का? पाठीची वरची पट्टीपण त्याच तेलात घेतली तर मुद्दाम केल्यासारखं दिसेल बहुतेक. आधी तुकड्यावर रंग बघतो. शिवाय पायांखाली नायलॉनच्या चकत्या ठोकल्या तर पाय डबक्यात उभेच राहणार नाहीत, हे आधीच सुचायला हवं होतं. कोणी लावल्या असतील तर स्क्रूवाल्या घेऊ की खिळ्यावाल्या ते सांगा, खिळ्याने टोक चिरेल अशी धास्ती आहे.