खालून कोण बघतंय?

कंत्राटदाराने 45 दिवस सांगितले होते. आम्ही मनात 60 धरले. सासूबाईंनी काहीच धरलं नाही. त्यांनी फक्त कैरीच्या लोणच्याची बरणी भाड्याच्या घरी घ्यायला लावली. "मुरायला भरपूर वेळ आहे," म्हणाल्या. 112व्या दिवशी आम्ही परत आपल्या घरी राहायला आलो, तेही काम संपलं म्हणून नव्हे, भाड्याच्या घराची मुदत संपली म्हणून. तोवर लोणचं मुरून अर्धं संपलंही होतं.

डोंबिवलीतलं हे घर 1984 सालचं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. नवरा इथेच रांगला, इथेच दहावी झाला आणि इथेच मला बघायला आणलं तेव्हा पोह्यांत लिंबू पिळायचं विसरला. त्यामुळे भिंती पाडण्याच्या प्रत्येक चर्चेत त्याचा चेहरा दाढ काढायला बसल्यासारखा व्हायचा. मला तसलं काही नव्हतं. मला फक्त एक असं स्वयंपाकघर हवं होतं, ज्यात फ्रिजचं दार उघडलं की माणसाला बाहेर जावं लागणार नाही.

टेम्पोतलं सामान वर चढत होतं तेव्हा मुलं रिकाम्या हॉलमध्ये उभी होती. अडीच वर्षांच्या धाकट्याने मला हाक मारली, "आई!" हॉलनेही हाक मारली, "आई!" तो दचकला. मग हळूच म्हणाला, "कोण?" तिकडूनही, "कोण?" पाच मिनिटांत त्याची खात्री पटली की भिंतीत एक मुलगा राहतो, साधारण त्याच्याच वयाचा, आणि त्याला ह्याचं सगळं बोलणं आवडतं. दुपारभर दोघांच्या गप्पा चालल्या. मग गाद्या आल्या, पुस्तकांची खोकी आली, पडदे लागले, आणि भिंतीतल्या मुलाचा आवाज बारीक होत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने हाक मारली तर मीच ओ दिली. "तू नको," तो म्हणाला. "तो." पुढे दोन-तीन दिवस त्याने त्या भिंतीपाशी अर्धं बिस्किट ठेवलं. मुंग्या मात्र नव्या घरी पत्ता न विचारता आल्या.

घर जुनंच, मग वास्तुशांत करायची का, यावर आत्या, मावशी आणि दूध घालणारे काका यांची तीन मतं पडली. शेवटी उदकशांत ठरली. थोरलीने विचारलं, "शांत कोणाला करायचंय?" सासूबाई म्हणाल्या, "आधी तुम्हा दोघांना."

सगळ्यांत गाजला तो फरशीचा प्रश्न. आमची जुनी फरशी मोझॅकची होती. दहा-दहा इंचांचे चौकोन आणि त्यात काळे, तांबडे, पिवळसर दगडाचे कण. दिवाणाखालच्या एका चौकोनात टोपी घातलेला म्हातारा आहे, असं नवऱ्याचं लहानपणापासूनचं म्हणणं. लग्नानंतर त्याने मला तो मोठ्या कौतुकाने दाखवला होता. मला बदक दिसलं. मी ते बोलून दाखवलं, आणि नव्या संसारात काही गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात हे त्या दिवशी शिकले.

टाइल्सच्या दुकानात माझ्या लक्षात आलं की पूर्वी आपल्याकडे पायाखाली गावं असायची. सासूबाईंच्या मिरजेच्या माहेरी सोप्यात शहाबादी होती, म्हणजे कलबुर्गीकडच्या शहाबादची. आमच्या जुन्या ओट्याखालचा काळा दगड कडाप्पा, तो आंध्रातला. माझ्या आजोळच्या जिन्याला कोटा, तो थेट राजस्थानातून आलेला. कुठली फरशी म्हटलं की उत्तरात गावच यायचं. आता सेल्समन एक नाव घेत होता, ते ऐकून वाटावं की तिथे ऑलिव्हची झाडं असतील. खोक्यावर बारीक अक्षरांत बघितलं तर मोरबी, गुजरात. गाव आहेच, फक्त लाजतंय.

"मॅडम, ही पाणी अर्धा टक्कासुद्धा शोषत नाही," तो म्हणाला. मी प्रभावित झाले. शोषत नाही याचा घरगुती अर्थ नंतर कळला. जुन्या फरशीवर सांडलेलं वरण सांडल्या जागी बसून राहायचं, आणि पुसायला उशीर झालाच तर थोडं मुरायचंही. नव्या फरशीवर वरण प्रवासाला निघतं. टेबलापासून निघून सोफ्याखालून जाऊन ते शू-रॅकपर्यंत पोहोचलेलं मी पाहिलंय.

जुनी फरशी उखडायची तर फोडायची मजुरी वेगळी, डेब्रिजची पोती तीन मजले उतरवायची मजुरी वेगळी, आणि खालच्या काकूंच्या छताला तडा गेला तर होणाऱ्या बोलण्याची किंमत आणखी वेगळी. तेव्हा संडास-बाथरूम आणि ओटा फोडला, बाकी घरात फरशीवरच फरशी बसवायची ठरली. वाळू-सिमेंटचा थर नाही, सरळ केमिकल लावून चिकटवायची. जमीन अर्ध्या इंचाहून थोडी जास्तच वर आली. घरातली सगळी दारं उतरवून खालून कापावी लागली. "आपण सगळे एकदम उंच झालो," नवरा म्हणाला. विनोद करायचा तर तो एवढाच करत होता त्या काळात.

थोरली साडेसहा वर्षांची. फरशीच्या रेघांवर पाय द्यायचा नाही, दिला की आऊट, या एका नियमावर तिचं अर्धं बालपण चाललेलं. दिवाणापासून स्वयंपाकघरापर्यंत बावीस उड्या, हे तिला पाढ्यांच्या आधी येत होतं. नव्या घरात ती हॉलच्या मधोमध एका पायावर उभी राहिली आणि तशीच राहिली. नव्या टाइल्स दोन बाय चार फुटांच्या, त्यांच्यामधले सांधे दोऱ्याएवढे आणि तेही टाइलच्याच रंगाने भरलेले. मला याच गोष्टीचा अभिमान होता. मिस्त्रीने सांधे दिसू नयेत म्हणून केवढी मेहनत घेतली होती.

"रेघा कुठे गेल्या?"

"खाली आहेत गं. जुनी फरशी तशीच आहे, तिच्यावर ही लावलीय."

मी समजूत काढायला म्हणून बोलले. पण मुलांना समजूत पुरत नाही, त्यांना पुढचा तपशील लागतो. रात्री दिवे मालवल्यावर अंधारातून आवाज आला. "म्हणजे बाबाचा म्हातारा पण खाली आहे?"

"हो."

"झोपलेला?"

"हो."

"त्याला थंडी वाजत असेल."

"त्याने टोपी घातलीय," मी म्हटलं. शेजारच्या खोलीतून नवऱ्याचं हसणं ऐकू आलं. मग माझ्या लक्षात आलं की बदकाचा मुद्दा मी आज कायमचा हरले.

गोटीचं प्रकरण त्यानंतरचं. धाकट्याच्या हाताला कुठूनशी एक हिरवी गोटी लागली. ती तोंडात जायच्या आत मी झडप घातली, ती निसटली आणि हॉलभर सावकाश फिरत बाल्कनीच्या दाराशेजारच्या कोपऱ्यात जाऊन थांबली. परत सोडली. परत तिथेच. मी पेटले. मिस्त्रीने पाण्याची पारदर्शक नळी दोन टोकांना धरून पातळी तपासली होती, मी स्वतः चहाचा कप हातात घेऊन बघितली होती, आणि आता एक गोटी येऊन सगळ्यांना खोटं पाडत होती. मी फोन उचलला. नवऱ्याने माझ्या हातावर हात ठेवला.

"पूर्वीही तिथेच जायच्या," तो म्हणाला.

गेली चाळीस वर्षं या हॉलमध्ये सुटलेली प्रत्येक गोटी, प्रत्येक लाडू, शेजारच्यांच्या नवीन बांगडीतला घरंगळलेला मोती, सगळं त्याच कोपऱ्यात सापडायचं म्हणे. उतार खालचा होता. आम्ही वरून लाखभर रुपये चिकटवले होते, तेही त्याच उताराने. मी फोन खाली ठेवला. थोड्या वेळाने बघते तर नवरा शू-रॅक सरकवून त्या कोपऱ्यात वाकून बघत होता. काय सापडणार होतं तिथे, नवी टाइल होती. तरी बघितलं त्याने.

स्वयंपाकघराबद्दल मात्र माझी तक्रार नाही. एक सोडून. सगळ्या ट्रॉल्या हळू बंद होणाऱ्या आहेत. कितीही जोरात ढकला, शेवटच्या चार बोटांवर त्या थबकतात आणि एखाद्या कारकुनाने फाइल मिटावी तशा अदबीने आत जातात. हे किती गैरसोयीचं आहे हे घरात पहिलं भांडण होईपर्यंत कळत नाही. थोरलीला दुसरं आइस्क्रीम नाकारलं. तिने चमच्यांचा ड्रॉवर सगळी ताकद लावून आपटला. ड्रॉवर म्हणाला, स्सस्... आणि मिटला. ती थक्क होऊन बघत राहिली. पुन्हा उघडून आपटला. स्सस्. शेवटी तिला रडूच आलं, पण ते आइस्क्रीमसाठी नव्हतं. तिच्याशी मी मनातून पूर्ण सहमत होते. त्याच आठवड्यात सासूबाईंनी पाहुण्यांसमोर माझ्या आमटीबद्दल काहीतरी म्हटलं, तेव्हा मीही तोच ड्रॉवर आपटला होता. जुन्या घरात एक बिजागरी सुटलेलं कपाट होतं, त्याच्या दाराने माझी बाजू दहा वर्षं मांडली. ते भंगारात गेलं.

आता टेबल. जेवायचं टेबल घरातच सुताराकडून करून घेतलं. काम शेवटाला आलं होतं, पैसेही. वरून चांगला सनमायका लावायचा, कडा गोल करायच्या म्हणजे मुलांना लागायच्या नाहीत, इथपर्यंत एकमत होतं. सुतार म्हणाला, "भाभी, नीचे भी लगा दूँ? अच्छा रहता है।" मी हिशोबाची वही बघितली. "खालून कोण बघतंय?" म्हणाले. तर खाली नुसता प्लाय राहिला, खरबरीत, पिवळट.

घर लावून महिना झाला असेल. एका दुपारी घर शांत झालं. लहान मुलांच्या घरात शांतता ही चौकशी करण्याची गोष्ट असते. मी आधी बाथरूम बघितलं, मग गव्हाचा डबा, मग नवी पांढरी भिंत, जिच्यावर चौथ्याच दिवशी हळदीचा एक तळवा उमटला होता. कुठे काही नाही. मग टेबलक्लॉथखालून उजेड हलताना दिसला. दोघं टेबलाखाली उताणी झोपली होती, छातीवर टॉर्च, आणि वर बघत होती. गाभाऱ्यात दर्शनाला आल्यासारखी.

मीही वाकले. मग आडवी झाले. चाळिशीत टेबलाखाली वाकून राहणं जमत नाही. वर, म्हणजे टेबलाच्या पोटाला, सगळीकडे पेन्सिलने लिहिलेलं होतं. बेरजा, वजाबाक्या. 17½, मग त्याखाली 2 सूत कमी. एक बाण आणि शेजारी "ऊपर". फुल्या. एक गोल, अंगठ्याचा ठसा, आणि एका कोपऱ्यात, नीट चौकट करून, "चाय 6". माझ्या घराचा सगळ्यात मन लावून लिहिलेला भाग मी जिथे पैसे वाचवले होते तिथे होता.

थोरलीने सगळं वाचून काढलं होतं, अडलं ते एकाच शब्दाला. "सूत म्हणजे?"

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, मी सांगितलं. सुताराचं माप. सुतार हा शब्दच मुळात सूत्रधारावरून आलाय. नाटकात येतो तो सूत्रधार? तोच. हे एवढं सांगून मी उठले, आणि चूक झाली ती तिथे. दुसऱ्या दिवसापासून घरात सगळं सुतात मोजलं जाऊ लागलं. "मला दूध सूतभरच दे." "आज अभ्यास दोन सूत." धाकट्याला माप कळत नव्हतं, पण शब्द आवडला होता. भेंडी पुढे केली की तो बोटांची चिमूट करून दाखवायचा, "शूत." तेवढीच खायचा. शेजारच्या काकूंना वाटलं मुलाला सूतकातलं काहीतरी ऐकू आलंय, त्यांनी मला बाजूला घेऊन घरचे सगळे बरे आहेत ना, असं विचारलं.

टेबलाखाली मग संसारच थाटला गेला. तिथे एक चादर गेली, प्लास्टिकची पोळपाट-लाटणी गेली, उदकशांतीतली सुपारी गेली आणि माझी वाण्याची यादी लिहायची पेन्सिल गेली. ती परत आली नाही. मी मागितलीही नाही. नव्या भिंतीपेक्षा टेबलाचं पोट बरं, असा सरळ हिशोब केला.

सुताराचं एक काम राहिलं होतं: माळ्याच्या दाराची मूठ. "कल आता हूँ" हे त्याने दोन महिने सांगितलं आणि एका रविवारी खरंच आला. मूठ पाच मिनिटांत बसली. जाता जाता त्याने टेबलाला हात लावून बघितला, कारागीर माणसं लावतातच, आणि टेबल किंचित डुगडुगलं. त्याचा चेहराच उतरला. मी सांगत होते की टेबलाचा दोष नाही, जमिनीलाच उतार आहे, जुना, गोट्यासुद्धा जातात. पण तो तोवर पान्हा घेऊन खाली शिरला होता. मुलं त्याच्या मागोमाग. तिघांचे फक्त पाय बाहेर दिसत होते, दोन मोठे, चार लहान.

बराच वेळ स्क्रू पिळल्याचा आवाज आला नाही. मग टॉर्च लागला. मग कुजबुज. मग धाकट्याचं "शूत" ऐकू आलं, आणि त्यावर सुताराचं गंभीर "हां, दो सूत, बराबर।"

शेवटी तो बाहेर आला. गुडघे झटकले, कानामागची पेन्सिल नीट केली, आणि पैशाची गोष्ट काढावी तसा जरा संकोचत म्हणाला,

"भाभी, चाय छह ही हुई थी। नीचे अब पंद्रह लिखा है। बाक़ी नौ मेरी नहीं हैं।"

मी सातव्या चहाचं आधण ठेवलं.