लक्झर ते आस्वान: नाईलवरच्या चार रात्री

डिसेंबरात आम्ही तिघं, म्हणजे मी, हे आणि सासूबाई, इजिप्तला जाऊन आलो. पिरॅमिड बघितले, कैरोही बघितलं, पण घरी रोज आठवण निघते ती नाईलवरच्या बोटीची. सांगलीतल्या ओळखीच्या तीन-चार घरांतून "आम्हीपण जायचं म्हणतोय, सांगा काय काय ते" अशी विचारणा झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नाईल दक्षिणेकडून उत्तरेला वाहते. त्यामुळे लक्झरहून आस्वानला जाताना बोट प्रवाहाच्या उलट जाते. या फेरीला साधारण चार रात्री लागतात, तर आस्वानहून परत येणारी फेरी तीन रात्रींची असते. एक दिवस वाचतो म्हणून बरेच जण तीनवाली घेतात. माझं ऐका, चारचीच घ्या. तो जास्तीचा दिवस कुठलं देऊळ बघायला लागत नाही, नुसता डेकवर बसायला मिळतो आणि या सहलीचं खरं सुख तेच आहे.

खोलीच्या बाबतीत मात्र आमची फसगत झाली. एजंटाने "नदीकडची खोली, खिडकीतून नाईल" म्हणून जादा पैसे घेतले होते. लक्झरच्या धक्क्याला बोटी एकमेकींना खेटून लावतात, चार-चार, पाच-पाच. आपल्या बोटीवर जायला दुसऱ्या तीन बोटींच्या लॉबीतून चालत जावं लागतं. पडदा सरकवला तर समोर हाताच्या अंतरावर शेजारच्या बोटीची खिडकी, आणि रात्रभर तिच्या इंजिनाचा धूर. बोट चालू लागली की नदी दिसते, हे खरं. पण त्या वेळी आपण खोलीत बसतच नाही! तेव्हा खोलीसाठी जादा पैसे घालू नका. फक्त सगळ्यात खालचा मजला टाळा.

दुसऱ्या दिवशी इस्ना आलं. तिथे नदीवर बंधारा आहे आणि बोटींना लॉकमधून वर चढवतात. दोन भिंतींच्या मधे बोट शिरते, मागचा दरवाजा बंद होतो, पाणी भरत जातं आणि अख्खी बोट माणसांसकट हळूहळू वर येते. आम्ही तीन तास रांगेत थांबलो होतो, पण कंटाळा आला नाही. छोट्या होड्यांतून विक्रेते येतात आणि खालून शाली, चादरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून थेट वरच्या डेकवर फेकतात. पसंत पडलं तर पैसे त्याच पिशवीतून खाली टाकायचे, नाही तर माल परत फेकायचा. सासूबाईंनी एक निळी शाल घेतली. भाव अर्ध्याच्याही खाली सुरू करा.

इस्ना सोडल्यावरची दुपार मला सगळ्यात प्रिय. दोन्ही काठांना खजूर, केळी आणि ऊस. हो, ऊस! हे खुर्चीतून उठून कठड्यापाशी गेले ते तासभर हललेच नाहीत. फरक एवढाच, की आपल्याकडे वाळव्याला, पलूसला ऊस नजर जाईल तिथवर असतो. इथे हिरवी पट्टी संपते तिथेच पिवळं वाळवंट सुरू होतं, मधे काही नाही. संध्याकाळी गार वारा सुटला, तेव्हा डब्यातलं भडंग काढलं आणि करकदे मागवलं. हे लाल अंबाडीच्या फुलांचं आंबटगोड सरबत आहे. डिसेंबरात डेकवर रात्री चांगलीच थंडी वाजते, स्वेटर आणि कानटोपी हवीच.

जेवणाचं सांगते. आम्ही शाकाहारी, तर पहिल्याच दिवशी आचाऱ्याला भेटून सांगून ठेवलं. मसूरडाळीचं सूप, बाकल्याची उसळ (तिथे तिला 'फूल' म्हणतात), तामिया नावाचे वडे आणि गरम रोटी. उपाशी राहायची वेळ आली नाही.

एडफूला देवळापर्यंत टांगे नेतात. घोड्यांची हाडं दिसत होती, मला बसवेना. आम्ही रिक्षा केली. भाडं आधी ठरवून घ्या. होरस या देवाचं देऊळ मात्र भव्य आहे आणि छतासकट शाबूत आहे. तिकीटखिडकीवर आमच्याकडून कार्डनेच पैसे घेतले, पण स्वच्छतागृह आणि बक्षिसीसाठी सुट्टे इजिप्शियन पौंड लागतात. शब्दही बक्षीशच आहे, समजावून सांगावं लागत नाही.

कोम ओंबोला मगरींच्या ममी बघायला गर्दी असते. तुम्ही तिथली गोल विहीरही बघा. नाईलचं पाणी किती चढलं ते मोजायची ती जागा. पाणी कमी चढलं तर दुष्काळ, बरोबर चढलं तर पीक, आणि त्यावर सारा ठरायचा. हे म्हणाले, "हा यांचा आयर्विन पूल." सांगलीत कृष्णेच्या पुराची पातळी त्या पुलावर मोजतात. पावसाळ्यात 40 फूट इशारा, 45 फूट धोका, हे आकडे सांगलीत पोरासोरांनाही पाठ असतात. आम्ही कितीतरी वेळ त्या विहिरीत वाकून बघत होतो.

आस्वानहून अबू सिम्बेलच्या देवळांकडे जाणारी बस पहाटे चारच्या सुमारास निघते. जाऊन-येऊन सहा-सात तास नुसते बसमध्ये जातात. सासूबाई 72 वर्षांच्या, त्या बोटीवरच थांबल्या, तेच बरं झालं. आस्वानजवळच्या फिलेच्या देवळाला मात्र त्यांना नेलंच. आस्वानच्या 1902 सालच्या जुन्या धरणामुळे हे देऊळ वर्षातले बरेच महिने पाण्यात असायचं. मोठं धरण 1970 ला पुरं झालं, मग दगड न् दगड सुटा करून शेजारच्या बेटावर पुन्हा उभारलं. खांबांवर पाण्याची काळपट रेघ अजून आहे. सासूबाईंनी तिच्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अगं, ही तर आपल्या भिंतीवरच्यासारखी." 2019 च्या पुराची रेघ आमच्या माजघरात रंग दिला तरी उमटते.

आमचा गाईड नूबियन, म्हणजे दक्षिणेकडच्या नाईलकाठच्या मूळ लोकांपैकी होता. त्याच्या आजोबांचं गाव मोठ्या धरणाच्या नासर तलावाखाली गेलं, असं तो सांगत होता. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, मी अर्थ सांगितला. त्यांचं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं, जावळीकडचं. "त्याला सांग, आमचं घर बी पाण्याखाली हाय. मी आठ वर्साची हुते." मी सांगितलं. तो काही बोलला नाही, त्याने त्यांचा हात धरून पायऱ्या उतरवल्या, होडीत बसवलं आणि परतीच्या वाटेवर त्यांच्याशेजारीच बसला.

मे महिन्यात कोयनेचं पाणी उतरलं, की बामणोलीहून होडीने त्या बाजूला जायचं ठरलंय. निळी शाल त्यांनी आत्ताच पिशवीत भरून ठेवली आहे.